पुढच्या चाकातली टोपी

कार्निव्हलच्या आदल्या शुक्रवारी रेडिओवर फाउस्तीनो कायोचे नाव निघाले, तेव्हा तो एका जीपखाली उताणा पडून गंजलेला नट सोडवत होता. उयुनीत रोज जेवणाच्या वेळेला रेडिओवाले लोकांचे निरोप वाचून दाखवतात. कुणाचे गाढव हरवलेले असते, कुणाला बटाट्याचे बी हवे असते, कुणी तरी देवाघरी गेलेले असते. मिठाच्या मैदानापलीकडच्या वस्त्यांवर फोन लागेलच असे नाही. रेडिओ मात्र सगळीकडे लागतो.

"उयुनीतले मिस्त्री फाउस्तीनो कायो यांना त्यांची बहीण सेबेरा कळवते," बाई सपाट आवाजात वाचत होत्या, "की येत्या मंगळवारी कळपातल्या लामांच्या कानांत गोंडे बांधायचे आहेत. माझे गुडघे संपले. पाणी ओसरले की मी मुलीकडे ओरुरोला जाणार आणि कळप दिराच्या मुलाला देणार. तेव्हा हे शेवटचे गोंडे. तुझी निळी लोकर कातून ठेवली आहे. दरवर्षीचे कारण यंदा पाठवू नये."

फाउस्तीनोच्या हातातला पाना तसाच राहिला. बायको बासिलिया पडवीत मक्याचे दाणे सोलत होती. तिने रेडिओचा आवाज कमी केला.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"तू एकट्यानं नाही, सगळ्या गावानं ऐकलं. आता नाही गेलास तर पाव आणायला मी जाणार नाही, तू जा."

फाउस्तीनोचे गाव सालारच्या, म्हणजे त्या मिठाच्या मैदानाच्या, उत्तर काठावर तुनुपा डोंगराच्या पायथ्याशी होते. तिथे प्रत्येक भावंडाचा आपला रंग असतो. सेबेराचा लाल, फाउस्तीनोचा निळा. कार्निव्हलच्या मंगळवारी सगळा कळप दगडी कोंडवाड्यात घ्यायचा आणि ज्याने त्याने आपल्या वाट्याच्या लामांच्या, त्या लांब मानेच्या लोकरी जनावरांच्या, कानांत आपल्या रंगाच्या लोकरीचे गोंडे आपल्या हाताने ओवायचे, अशी रीत. मालकाचा हात ज्या जनावराला लागत नाही ते हळूहळू परके होते, असे म्हातारी माणसे सांगत. फाउस्तीनो विशी ओलांडताच उयुनीला रेल्वेच्या कारखान्यात आला, तिथून जीपगाड्यांकडे वळला, आणि त्याच्या वाट्याच्या लामा बिनगोंड्यांच्या राहू लागल्या. कारण सरळ होते. कार्निव्हल येतो तेव्हाच सालारवर पाणी साचते. पाणी साचले की गाड्या बिघडतात. गाड्या बिघडल्या की मिस्त्रीला उयुनी सोडता येत नाही. 'पुढच्या वर्षी नक्की,' असा निरोप तो दरवर्षी रेडिओवर द्यायचा आणि तोही सगळे गाव ऐकायचे.

खरे तर आता तो सालारला चाकांतूनच ओळखत होता. पावसाळ्यात त्या मैदानावर वीतभर पाणी उभे राहते आणि सगळे आकाश खाली उतरून पसरते. गाड्या ढगांवरून चालतात. जाऊन आलेली माणसे गाडीतून उतरली की काही वेळ हळू बोलतात, नुकत्याच झोपेतून उठल्यासारखी. फाउस्तीनोच्या वाट्याला त्या आकाशातले जे उरे ते ॲक्सलमध्ये अडकलेले असे. तो ते रॉकेलने धुऊन पत्र्याच्या डब्यात ओतायचा. झोपेत मात्र तो कितीदा तरी तिथे असायचा. बापाच्या लामांच्या रांगेमागून पाण्यावरून चालतोय, पायाखाली दुसरी रांग उलटी चालतेय, आणि दोन्ही रांगांच्या घंटा एकदमच वाजताहेत. जाग आली की उशीजवळ हाताला ग्रीसचा वास यायचा.

सोमवारी दुपारी नेलिदा तिकोनाची जीप दारात आली ती कट्-कट् आवाज करतच.

नेलिदाही उत्तर काठचीच. बापामागे तिने त्याची जुनी जीप चालवायला घेतली. कधी पाहुण्यांना सालार दाखवायला न्यायची, कधी पलीकडच्या गावांना कांदे, पीठ आणि बिअरच्या पेट्या पोचवायची. मंगळवारी सकाळी ती माल घेऊन निघणार होती आणि फाउस्तीनोला पुढच्या सीटवर बसवून नेणार होती. दुसरी सोय नव्हती. वळसा घालून जाणारा रस्ता नदीने तोडला होता, आणि बाकीचे ड्रायव्हर एक तर पाहुण्यांत गुंतले होते नाही तर दारूत.

"मिस्त्री, रागवायचं नाही," ती उतरण्याआधीच म्हणाली.

"म्हणजे रागवण्यासारखं आहे."

"काल पाहुणे होते. सूर्य बुडेल, सूर्य बुडेल म्हणून मागे लागले. काठावर थांबलेच नाही. तशीच आत घातली."

"आणि आत उभी किती वेळ केलीस?"

"त्यांचे फोटो संपेपर्यंत."

"फोटो कधी संपतात का गं?" बासिलिया पडवीतून म्हणाली.

फाउस्तीनो चाकाशी वाकला. रस्त्यावरून धावून तापलेले चाक गार पाण्यात शिरले की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. सालारचे पाणी म्हणजे पातळ केलेले मीठच. म्हणून जुने ड्रायव्हर काठावर थांबतात. गालात कोकाची पाने धरतात, धरणीमाय पाचामामाकडे वाट मागतात, चारही चाकांवर उसाच्या दारूचे चार-चार थेंब शिंपडतात. पानांचा रस संपेपर्यंत चाक निवते. आधी काय आले, पूजा की निवणे, हे कुणालाच ठाऊक नाही. फाउस्तीनो प्रत्येक नव्या ड्रायव्हरला एवढेच सांगायचा, "धरणीला घाई आवडत नाही आणि ॲक्सललाही."

त्याने जॅक लावला. पुढची दोन्ही चाके उतरवली, त्यांच्या मधले हब सोडवले, बेअरिंगे काढून फडक्यावर मांडली. मग स्टब ॲक्सल, म्हणजे चाकाचा आखूड कणा, हलकेच ठोकून ओढला, तेव्हा आतून काळे ग्रीस यायला हवे होते तिथे राखाडी पेज ओघळली. दुधात राख कालवावी तशी. तिच्यात मिठाचे खडे चमकत होते.

"बापरे," नेलिदा म्हणाली.

"हे उजवं. अजून डावं बघायचंय."

डाव्यातही तेच निघाले.

स्टिअरिंग वळवले की चाक वळावे आणि वळतानाही फिरत राहावे, म्हणून पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना एक-एक सांधा असतो. वाटीसारख्या घरात सहा पोलादी गोळे, प्रत्येकाला आपली खोबण. फाउस्तीनोने सांधे दांड्यावरून सोडवले, गोळ्यांना धरणारी जाळी तिरपी करून एक-एक गोळा बाहेर काढला आणि रॉकेलच्या थाळीत सोडला. दुपारची उन्हे थाळीत उतरली होती. गोळे धुतले जाता-जाता प्रत्येकात एक छोटे अंगण, एक छोटी बासिलिया आणि एक छोटे निळे आभाळ दिसू लागले. तो बघतच राहिला.

"मिस्त्री, झोपलात का?"

"नाही. मोजतोय."

"सहा गोळे मोजायला एवढा वेळ?"

त्याने खोबणींवरून नख फिरवले. नख अडले तर सांधा गेला, नाही अडले तर आहे. डाव्या सांध्याच्या एका खोबणीत ते अडले. मोहरीएवढा खड्डा, मिठाने खाल्लेला. नवा सांधा ओरुरोशिवाय मिळणार नव्हता, आणि कार्निव्हलमध्ये ओरुरोत सांधे विकायला कोण बसलेय?

कानात गुडघे संपलेल्या बहिणीचा निरोप, आणि हातात हा संपत आलेला सांधा. मग त्याने दोन्ही सांधे उचलले आणि त्यांच्या जागा बदलल्या.

"हे काय?" नेलिदाने विचारले.

"गाडी जन्मभर पुढेच जाते, म्हणून खोबणीची एकच बाजू झिजते. डावा सांधा उजवीकडे घातला, उजवा डावीकडे, की आजवर आराम करत बसलेली बाजू कामाला लागते. खड्डा जातो आरामाच्या बाजूला."

"नवऱ्याचं असं करता येतं का?" बासिलिया म्हणाली.

"येतं की. पण मग स्वैपाक मी करणार आणि जीपखाली तू."

"नको. आहे तसाच घाल."

"एक लक्षात ठेव," तो नेलिदाला म्हणाला. "आता रिव्हर्समध्ये जोर द्यायचा नाही. मागं घेतलीस की सगळा भार त्या खड्ड्यावर येणार. चिखलात रुतलीस तरी पुढंच काढायची."

"आणि पुढं निघाली नाही तर?"

"तर कार्निव्हल तिथंच करायचा."

गाडी जुळत आली आणि एक गोष्ट अडली. सांध्याच्या गोल घरावरून पाणी पुसून काढणारी फेल्टची, म्हणजे कुटलेल्या लोकरीची, कडी असते. दोन्ही बाजूंच्या कड्या मिठाने कुजल्या होत्या, बोटात घेताच त्यांची भुकटी झाली. रबरी सील त्याच्या डब्यात होते, फेल्टच्या कड्या नव्हत्या. दुकाने परवाच बंद झाली होती. दुकानदार मिरवणुकीत नाचत असतील. फेल्टशिवाय गाडी पाण्यात घालणे म्हणजे कालचाच प्रकार.

फाउस्तीनोने डोक्यावरची टोपी काढली.

मेंढीच्या लोकरीची, कुटून-कुटून घट्ट केलेली, रुंद काठाची ती तपकिरी टोपी सेबेराने तो गाव सोडून निघाला तेव्हा दिली होती. लोकर तिच्या मेंढ्यांची, साच्यावर चढवली तीही तिनेच. सुरुवातीला तो ती रविवारी घालायचा, पुढे रोज. तिचा काठ आता हाताने धरून-धरून ग्रीसने काळवंडला होता आणि अगदी बोटाएवढा जाड राहिला होता.

"टोपी?" नेलिदा म्हणाली.

"टोपीच. पाऊस खाऊन बसलेली लोकर आहे, पाणी आत सोडणार नाही."

बासिलियाने या खेपेला काही टोमणा मारला नाही. ती आत गेली आणि लोकर कातरायची मोठी कात्री घेऊन आली. त्याने काठाच्या दोन कड्या कापल्या, कोमट केलेल्या ग्रीसमध्ये मुरवल्या आणि दोन्ही घरांवर घट्ट बसवल्या. उरलेला टोपीचा घुमट बासिलियाने फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. सूर्य मावळताना त्याने शेवटचा नट आवळला. जीप अंगणात दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितली. कट्-कट् नव्हते.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. त्या दिवशी उयुनीत हत्यारांना विश्रांती असते. उजाडताच बासिलियाने सगळे पाने भिंतीशी ओळीने मांडले, त्यांच्यावर रंगीत कागदाच्या पट्ट्या घातल्या, बिअर शिंपडली. आज त्यांना हात लावायचा नाही. वाटेत काही मोडले तर ते मोडलेलेच राहणार होते.

"ह्या डोक्यानं जाणार?" तिने विचारले. त्याचे कपाळ मधोमध दोन रंगांचे दिसत होते, टोपीखालचे गोरे आणि बाकीचे करपलेले.

"दुसरं कुठं आहे?"

तिने भाजलेला मका, वाळवलेल्या मांसाचे चार तुकडे आणि उसाच्या दारूची छोटी बाटली पिशवीत घालून दिली. "सेबेरावन्संना सांग, मी पाठवलंय. आणि कात्री माझी होती हे सांगू नकोस."

खडबडीत रस्ता संपून काठ आला तेव्हा ऊन वर आले होते. समोर पाणी सुरू होत होते, किंवा आभाळ. नेमके काय ते सांगता येत नव्हते. फाउस्तीनो खाली उतरला, हबवर तळहात ठेवला. नवे ग्रीस, घट्ट बेअरिंगे, त्यात कांद्या-बिअरचा भार. हब गरम होता. त्याने सूर्याकडे पाहिले. दुपार टळली की गोंडे बांधत नाहीत. कळप सुटतो, आणि सुटलेल्या कळपाला परत कोंडत नाहीत.

"ठीक आहे," तो चढून बसत म्हणाला. "घाल आत."

नेलिदाने किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केले.

"बंद का केलंस?"

"निवू दे."

"फारसं तापलेलं नाही."

"मी हात लावून बघू?"

"अगं, थांबण्याचा नियम गिऱ्हाइकांसाठी असतो."

"मग आज तुम्हीच गिऱ्हाईक आहात, मिस्त्री," ती म्हणाली आणि कोकाच्या पानांची पिशवी उघडून त्याच्या पुढे धरली. "मी परवा घाई केली तर तुमची टोपी गेली. आज तुम्ही करताय. आज कापायला काय आहे?"

त्याला हसू आले नाही, पण त्याने पाने घेतली. दोघे पाण्याच्या कडेला मिठावर बसले. नेलिदाने चाकांवर दारू शिंपडली, पुटपुटत वाट मागितली. फाउस्तीनोने पाने गालात धरली. आधी त्याचा जीव नुसता सूर्याकडे धावत होता. मग पानांचा कडवट रस उतरू लागला आणि धावणे थोडे मंदावले. इतकी वर्षे लोकांना इथे थांबायला सांगितले, आणि आपण इथे कधी बसलोच नाही, हे त्याच्या ध्यानात आले. वारा नव्हता. तुनुपा डोंगर लांब उभा होता आणि त्याच्या तळाशी दुसरा तुनुपा उलटा लटकला होता. दोघांच्या मध्ये कुठे तरी एक कोंडवाडा होता.

रस संपला. त्याने पुन्हा हबवर हात ठेवला. झोपलेल्या मुलाच्या कपाळाइतका गार.

"चल," तो म्हणाला.

जीप माणसाच्या चालीने पाण्यात शिरली. पहिल्यांदा त्याने कान पुढच्या चाकांकडे लावून ठेवले. चाकाखाली मीठ करकरत होते, पाणी दोन्हीकडे पंख्यासारखे उघडत होते. हळूहळू काठ मागे विरघळला आणि पुढे काहीच उरले नाही. ढग वर होते, ढग खाली होते. नेलिदा डोंगराच्या नाकाडावर नजर ठेवून चालवत होती. एक जीप समोरून आली, हवेत तरंगत, आपल्याच सावलीला चाके टेकवून. ड्रायव्हरने हात केला, खालच्या ड्रायव्हरनेही केला. ती गेली आणि पाणी पुन्हा जुळले. कधी तरी फाउस्तीनोचे चाकांकडे लक्ष राहिले नाही. त्याला बापाच्या लामांच्या घंटा ऐकू आल्या, अगदी बारीक, आणि तो वळून बघायलाही गेला नाही. मागे आहेत हे पुरे होते. हे सगळे आपण डब्यात ओतून टाकत होतो, एवढे त्याच्या मनात आले.

उत्तर काठ आला तो चिखल घेऊन. मीठ संपते तिथे जमीन लोण्यासारखी असते. पुढची चाके बसली, जीप नाक खाली घालून थांबली. नेलिदाचा हात सवयीने रिव्हर्सकडे गेला.

"मागं नाही," फाउस्तीनो म्हणाला.

"माहीत आहे." तिने हात काढून घेतला. "पण पुढं काय आहे?"

"डावीकडे दगड आहेत. लहानपणी आम्ही तिथून उतरायचो. पूर्ण वळव आणि हळू दे. हळू."

तिने स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवले. सांध्यावर याहून जास्त ताण येत नाही. इंजिन घुमले, चाके चिखलात फिरली, गाडी थरथरली. फाउस्तीनोने डोळे मिटले आणि त्या एका कट्-ची वाट पाहिली. तो आला नाही. टायरला दगड लागला, नाक वर उचलले गेले, आणि जीप चिखल ओकत काठावर चढली.

"आता श्वास घ्या," नेलिदा म्हणाली.

कोंडवाड्याशी पोचले तेव्हा ढोल थांबले होते, माणसे पांगली होती आणि सावल्या पूर्वेला लांब पडल्या होत्या. दुपार केव्हाच टळली होती. फाउस्तीनो दारातच थबकला. आत मात्र सगळा कळप उभा होता, गुणगुणत, कुरकुरत, माना उंच करून. अर्ध्याअधिक कानांत लाल गोंडे होते. उरलेल्या कानांत काहीच नव्हते. दगडी भिंतीवर सेबेरा पाय लांब करून बसली होती. मांडीवर निळ्या लोकरीचा गुंडा.

"आक्का," तो म्हणाला.

"ह्यांना सकाळपासून चारा नाही," ती म्हणाली. "लोक म्हणाले, सोड आता, दुपार टळली. मी म्हटलं, माझ्या कोंडवाड्यात दुपार टळलेली नाही. किती वेळ लावलास?"

"काठावर थांबलो होतो. चाकं निवायला."

"ते बरं केलंस." तिने त्याला खालून वरपर्यंत पाहिले आणि नजर कपाळावर थांबली. "टोपी काय केलीस?"

फाउस्तीनोने एकदा नेलिदाकडे पाहिले, एकदा जीपकडे. "चाकांत आहे. पुढच्या. दोन्ही बाजूंना."

सेबेराने मान वाकडी करून जीपची चाके पाहिली. चिखल, मीठ, आणि त्यातून ओघळलेली काळ्या ग्रीसची एक रेघ.

"पाणी गेलं का आत?"

"थेंब नाही."

"जाणार कसं? मी कुटलीय ती." मग तिने गुडघ्यावर थाप मारली. "ह्यात काही घालता येतं का रे तुझं ग्रीस?"

"डावा उजवीकडे घालून बघू."

ती हसली, आणि लोकरीचा गुंडा त्याच्याकडे फेकला. त्याने एक-एक लामा धरली, कान हातात घेतला, निळा धागा ओवला, गाठ मारली. हात धुऊनही नखांत ग्रीस राहतेच. प्रत्येक निळ्या गोंड्यावर एक काळे बोट उमटत गेले. तिने ते पाहिले आणि पुसायला सांगितले नाही. उन्हे कलली तेव्हा शेवटची लामा सुटली आणि सगळा कळप लाल-निळ्या कानांनी पाण्याच्या दिशेने चरायला निघाला. काठाशी पोचताच खाली दुसरा कळप त्याला मिळाला.

गुंड्यात हातभर लोकर उरली होती. फाउस्तीनो ती परत द्यायला गेला.

"खाली बस," सेबेरा म्हणाली. "माझे गुडघे वाकत नाहीत."

तो भिंतीशी बसला. तिने त्याच्या शर्टाच्या वरच्या काजातून निळा धागा ओवला, दोन्ही टोके पिळून गोंडा केला आणि दातांनी गाठ घट्ट ओढली, लामांना ओढतात तशी.

"हलू नकोस," ती म्हणाली. "ह्या कळपातला हाच एक राहिला होता."